ऊस गेला की…

(कराड येथील स्मृतिव्याख्यानमालेत झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



यशवंतराव चव्हाणांनी आपलं आत्मचरित्र तीन भागांत लिहायचं योजलं होतं. पहिला भाग कृष्णेकाठचा, दुसरा मुंबईच्या समुद्राकाठचा आणि तिसरा दिल्लीतल्या यमुनेकाठचा. पहिला भाग ‘कृष्णाकाठ’ १९८४ साली प्रसिद्ध झाला. देवराष्ट्र्याच्या आजोळी झालेला जन्म, कराडची शाळा, तुरुंग, वकिलीची परीक्षा असं करत ते पुस्तक १९४६ पर्यंत येतं, यशवंतराव मुंबईला जायला निघतात आणि पुस्तक संपतं. त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला यशवंतराव गेले. पुढचे दोन्ही भाग लिहायचे राहिले.

काय राहिलं याचा अंदाज आपल्याला आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या काळात त्यांच्या मनात काय चाललं होतं, १९६२ साली चीनकडून मार खाल्लेल्या देशाचं संरक्षण खातं हातात घेताना त्यांना काय दिसलं, काँग्रेस फुटली तेव्हा आणि आणीबाणीत ते कोणत्या विचाराने कुठं उभे राहिले, हे सगळं त्यांच्या तोंडून ऐकायचं राहून गेलं. ‘ऋणानुबंध’मध्ये काही आठवणी आहेत, भाषणांचे संग्रहही आहेत. पण सलग, सवडीने, स्वतःशी बोलत सांगितलेलं १९४६ च्या पुढचं नाही.

यशवंतरावांवर ठपका ठेवायला मी उभा नाही. मृत्यू कुणाला विचारून येत नाही, आणि त्या माणसाच्या डोक्यावर देशाची ओझी होती. अगदी शेवटच्या वर्षांतही ते आठव्या वित्त आयोगाचे अध्यक्ष होते. मला फक्त एका गोष्टीकडे तुमचं लक्ष वेधायचं आहे. आयोगाचं काम झालं. भाषणं झाली, कारण सभेची तारीख आणि वेळ ठरलेली होती आणि मांडवात माणसं बसलेली होती. फायली निघाल्या, कारण पलीकडे कुणीतरी त्या मागत होतं. मागं राहिलं ते नेमकं त्यांच्या स्वतःच्या आवडीचं काम. ज्या माणसाने आयुष्यभर पुस्तकं जमवली, ज्याचा ग्रंथसंग्रह आज आपल्याच गावात वेणूताई चव्हाण स्मारकात आहे, त्याला लिहायचं नव्हतं असं कोण म्हणेल?

नावडतं काम माणूस टाळतो, हे समजायला व्याख्यानाची गरज नाही. दाताच्या डॉक्टरकडे जायचं टळतं, तलाठ्याकडची फेरी टळते. पण जे करायची मनापासून इच्छा आहे, ज्याचा विचार रात्री अंथरुणावर पडल्यावर येतो, तेही आपण वर्षानुवर्षं का ढकलतो? आजचा विषय एवढाच आहे.

लगेच मिळणारं उत्तर आळसाचं असतं. आपल्याकडे तर समर्थांपासून आळसाला झोडपायची परंपरा आहे आणि सज्जनगड इथून लांब नाही. पण सातारा-सांगलीच्या माणसाला आळशी म्हणायची माझी तयारी नाही. ज्याने हा मुलूख पाहिला आहे तो तसं म्हणणार नाही. थ्री फेजची लाईट रात्रपाळीला आली तर माणूस थंडीत दोन वाजता बॅटरी घेऊन मोटर सुरू करायला जातो. पाण्याची पाळी आली तर घरात लग्न असलं तरी कुणीतरी दारं धरायला रानात असतंच. वापसा आला की पेरणी होते, आज नको उद्या करू असं कुणी म्हणत नाही. हळद काढायची, शिजवायची, वाळवायची, पॉलिश करून सांगलीच्या पेठेत न्यायची, यातला एक टप्पा कुणी चुकवत नाही. सोसायटीचं कर्ज मार्चअखेर नवं-जुनं होतं म्हणजे होतं.

आणि हाच माणूस, मित्रहो, स्वतःच्या मनातल्या गोष्टीबद्दल विचारलं की म्हणतो, ‘बघू की, ऊस गेला की करू.’

हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आलो आहे. वारणेच्या काठी, कृष्णेच्या काठी, कोरेगावात, वाळव्यात. घराला पुढं पडवी काढायची आहे, ऊस गेला की. बायकोला घेऊन एकदा गिरनार करायचा आहे, ऊस गेला की. मिरजेला कुणाकडे तरी जाऊन पेटी शिकायची आहे, ऊस गेला की. मग टोळी येते, तोड होते, गाड्या भरून कारखान्याला जातात, बिल जमा होतं. तोवर जत्रा आलेली असते. जत्रेमागं लग्नसराई, लग्नसराईमागं पाऊस. इकडे खोडवा फुटलेलाच असतो आणि तोही उद्या ऊसच होणार असतो. ज्याच्या जाण्याची वाट पाहायची तो ऊस आपल्या शेतातून कधी जातच नाही.

जी कामं होतात त्या सगळ्यांच्या मागं कुणाचा तरी तगादा आहे. तो पावसाचा असेल, कारखान्याच्या चिटबॉयचा, सोसायटीच्या सचिवाचा, नाहीतर मुलीच्या सासरचा. जे काम फक्त आपलं असतं त्याला तगादा लावणारं कुणी नसतं. शिवाय आपल्या संस्कारात असं मुरलेलं आहे की दुसऱ्याचं काम आधी, आपलं मागून. हा संस्कार वाईट नाही. त्यावरच गावं चालतात. बायकांच्या बाबतीत मात्र त्याची किंमत फार मोठी झाली आहे. घरातल्या सगळ्यांचे तगादे ज्या एका बाईपाशी येऊन थांबतात, तिने ‘माझं मी नंतर बघेन’ म्हणून बाजूला ठेवलेल्या गोष्टी मोजायला बसलो तर हे व्याख्यान रात्रभर चालेल. तिच्या ढकलण्याला चालढकल म्हणणं हा अन्याय आहे.

सुझान शू आणि आयेलेट ग्नीझी या दोन संशोधकांनी आवडत्या गोष्टी माणसं का लांबवतात याचा मुद्दाम अभ्यास केला आणि २०१० साली तो प्रसिद्ध केला. त्यांनी लोकांना मिठाईच्या दुकानातली भेटीची कुपनं दिली. काहींच्या कुपनाला तीन आठवड्यांची मुदत होती, काहींच्या दोन महिन्यांची. जास्त मुदत मिळालेल्यांना आपण कुपन नक्की वापरू याची जास्त खात्री होती. प्रत्यक्षात तीन आठवडेवाल्यांपैकी ३१ टक्के लोक दुकानात गेले आणि दोन महिनेवाल्यांपैकी फक्त ६ टक्के. फुकटची मिठाई, कसलंही कष्टाचं काम नाही, तरी मुदत वाढली की माणसं गेली नाहीत. त्याच अभ्यासात त्यांना असंही दिसलं की शहरात वर्षभर राहिलेल्या माणसाने तिथली प्रेक्षणीय स्थळं दोन-तीन आठवड्यांसाठी आलेल्या पाहुण्यापेक्षाही कमी पाहिलेली असतात. गाव सोडून जायची वेळ आली की मात्र धावपळ सुरू होते.

हे पाहायला परदेशात जायला नको, साताऱ्याला जा. कास पठार शहरापासून पंचवीस किलोमीटरवर आहे. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटाला जागतिक वारसा म्हटलं त्यात ते आलं. पावसाच्या शेवटी तिथं जे फुलतं ते पाहायला मुंबई-पुण्याहून गाड्यांची रीघ लागते. आणि साताऱ्यात जन्म गेलेली कितीतरी माणसं भेटतात जी म्हणतात, ‘आपलंच आहे की, कधीही जाऊ.’ कारवी कित्येक वर्षांतून एकदा फुलते आणि जाते. तिला आपल्या ‘कधीही’शी देणंघेणं नाही.

आता उलट बाजूचं उदाहरण घेतो आणि त्यावर जरा जास्त वेळ थांबतो, कारण ते आपल्या सांगली जिल्ह्याचं आहे आणि माझ्या मते या विषयाची किल्ली त्यात आहे.

ग. दि. माडगूळकर आटपाडी तालुक्यातले. शेटफळ्याला जन्म, माडगूळ गाव. कुसळांचा आणि मेंढरांचा तो मुलूख. माणदेशातून निघालेला हा माणूस पुण्यात स्थिरावला, चित्रपटांच्या कथा, पटकथा, संवाद, गाणी यांत बुडून गेला. रामकथा काव्यात आणणं म्हणजे केवढं काम! असं काम मनात घेऊन किती कवी वारले असतील! ‘सगळं नीट वाचून काढू, मग निवांत बसून महाकाव्य लिहू’ असं म्हणत गदिमाही बसले असते तर कुणी त्यांना दोष दिला नसता.

पण पुणे आकाशवाणीचे सीताकांत लाड त्यांच्यामागं लागले. दर आठवड्याला रामकथेचं एक गीत, गदिमांनी लिहायचं, सुधीर फडक्यांनी चाल लावायची. १ एप्रिल १९५५, शुक्रवार, रामनवमी. त्या सकाळी पहिलं गीत प्रसारित झालं. त्या पहिल्याच गीताची हकिगत अनेकांनी सांगितली आहे. लिहिलेला कागद ऐन वेळी सापडेना, तेव्हा लाडांनी गदिमांना एका खोलीत बसवून दार लावून घेतलं आणि गीत पुन्हा लिहून घेतलं. सांगणाऱ्यागणिक तपशील बदलतो, पण त्यातला लाडांचा हट्ट खरा वाटतो. पुढं वर्षभर दर शुक्रवारी नवं गीत. ते वर्ष अधिक मासाचं, म्हणून गीतं छप्पन्न झाली. १९५६ च्या रामनवमीला मालिका पूर्ण झाली.

या घटनेत तारीख होती, हे उघड आहे. पण नुसत्या तारखेने काम होत नाही. स्वतःच स्वतःला दिलेल्या तारखा आपण सगळ्यांनीच मोडलेल्या आहेत. नव्या डायरीच्या पहिल्या पानावर त्या असतात. डॅन एरिएली आणि क्लाउस वेर्टेनब्रोख यांनी २००२ साली विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगांत हेच दिसलं. स्वतः ठरवलेल्या मुदतींचा थोडा उपयोग होतो, बाहेरून समान अंतराने घालून दिलेल्या मुदतींचा जास्त होतो. गदिमांच्या शुक्रवारला वजन आलं ते त्या शुक्रवारी माणसं वाट पाहत होती म्हणून. चाल लावायला फडके वाट पाहत होते. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे यांच्यासारखे गळे होते. आणि त्यांच्या पलीकडे घरोघरी रेडिओसमोर बसलेला महाराष्ट्र होता. अशा वेळी गीत अजून थोडं चांगलं झालं असतं का, हा प्रश्न मागं पडतो. या शुक्रवारी जसं येईल तसं ते द्यावं लागतं आणि पुढच्या शुक्रवारी पुढचं. महाकाव्य लिहायचं दडपण गदिमांवर आलंच नाही. त्यांच्यावर दडपण होतं ते एका गीताचं.

सांगलीचंच आणखी मागचं उदाहरण विष्णुदास भाव्यांचं. १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आलं ते सांगलीचे राजे चिंतामणराव पटवर्धनांनी सांगितलं म्हणून. राजाची आज्ञा झाली आणि मराठी नाटक उभं राहिलं.

यावर कुणी म्हणेल, लाड किंवा राजा सगळ्यांच्या नशिबी नसतो आणि सवड तर मुळीच नसते. सवडीबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे. वाटेगावचे अण्णा भाऊ साठे. शाळा जवळजवळ नाहीच, मुंबईत गिरणीची मजुरी, घाटकोपरच्या चिरागनगरची झोपडी. त्यांना सवड कुणी दिली होती? ‘फकिरा’ त्या आयुष्यातून आली. ते थांबले नाहीत, कारण ज्यांच्यासाठी लिहायचं ती माणसं त्यांच्या भोवती होती, शाहिरी ऐकायला समोर बसलेली होती. लोकमान्यांनी ‘गीतारहस्य’चा विषय कितीतरी वर्षं मनात बाळगला होता. तो कागदावर उतरला १९१०-११ च्या हिवाळ्यात, मंडालेच्या तुरुंगात, पेन्सिलीने. तिथं त्यांना सवड मिळाली हे खरं. पण त्याहून मोठी गोष्ट ही की इंग्रजांनी त्यांच्यावरचे बाकीचे सगळे तगादे काढून घेतले होते.

इथवर मी बाहेरचं सांगितलं. आता आतलं.

पलूस तालुक्यातला एक तरुण माझ्या परिचयाचा आहे. त्याचे आजोबा पोरवयात प्रतिसरकारच्या माणसांचे निरोप पोचवायचे. क्रांतिसिंह नाना पाटलांचं सरकार, १९४३ ते १९४६, याच आपल्या गावांत चाललं. त्याची लढाऊ तुकडी, तुफान सेना, कुंडलची. ७ जून १९४३ ला शेणोलीला रेल्वे अडवून इंग्रज सरकारचा पगाराचा पैसा काढून घेतला गेला, ते शेणोली या कराड तालुक्यातलं. आजोबांनी हे सगळं जवळून पाहिलेलं. नातवाला ते सगळं लिहून काढायचं होतं. त्याने दोनशे पानी वही आणली आणि प्रश्न लिहिले. ती वही त्याने मला दाखवली. एका पानावर एकच प्रश्न आणि खाली उत्तरासाठी जागा सोडलेली. निरोप तोंडी असायचा की चिठ्ठी? भाकऱ्या कोण पोचवायचं? पोलीस आले की इशारा काय असायचा? फितुराला शिक्षा झाली तेव्हा तुम्ही तिथं होता का? आजीला हे कधी कळलं? प्रश्न इतके चांगले आहेत की इतिहासाच्या प्राध्यापकानेही ते आपल्याकडे मागावेत. खालच्या सगळ्या जागा कोऱ्या आहेत. दोन हंगाम गेले. आजोबा गेले.

मी त्याला विचारलं, अडलं कुठं? खिशात मोबाईल होता, आजोबा ओसरीवर होते. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, ‘सर, तात्यांच्या पुढं फोन धरला की वाटायचं, आता तात्या जाणार म्हणूनच मी हे करतोय. तात्यांनाही तसंच वाटंल. म्हणून उद्या, उद्या.’

फुशिया सिरॉइस आणि टिमोथी पिचिल या संशोधकांनी २०१३ साली मांडलेलं म्हणणं साधारण हेच आहे. माणूस काम टाळत नाही, त्या कामासोबत मनात येणारी नकोशी भावना टाळतो. उद्यावर टाकलं की त्या क्षणी हलकं वाटतं, आणि त्या हलकेपणाची सवय लागते. आवडत्या कामातच ही भावना सर्वांत जास्त असते, कारण तिथं आपलं सगळ्यात जास्त पणाला लागलेलं असतं. न लिहिलेली कादंबरी थोर असते. न शिकलेलं गाणं सुरेल असतं. लिहायला बसलं की पहिलं पान आपल्या तोलाचं उतरत नाही, आणि मग आपण तेवढेच आहोत की काय ही भीती वाटते. बापाशी, आजोबांशी बोलायला बसलं की तो जाणार हे कबूल करावं लागतं. ज्याच्यावर प्रेम आहे ते ढकललं जातं ते असं, प्रेमापोटीच. त्या पोराला आळशी म्हणणाऱ्याने ती वही एकदा हातात घ्यावी.

पण भावना समजून घेतली म्हणून नुकसान भरून येत नाही. प्रतिसरकारची ही माणसं एकेक करून गेली. विट्याच्या हौसाताई पाटील, क्रांतिसिंहांच्या कन्या, २०२१ साली गेल्या. कुंडलचे कॅप्टन भाऊ, म्हणजे रामचंद्र श्रीपती लाड, २०२२ साली गेले. या दोघांचं बोलणं आज आपल्याकडे सविस्तर आहे, कारण पत्रकार पी. साईनाथ बाहेरून इथं आले, त्यांच्यापुढं बसले आणि त्यांना विचारलं. त्याच्याही आधी गेल ऑम्व्हेट अमेरिकेतून येऊन कासेगावच्या झाल्या. त्यांच्या सासूबाई इंदुताई पाटणकर स्वतः त्या लढ्यातल्या. गेलनी प्रतिसरकारवर अभ्यास करून लिहिलं. ए. बी. शिंद्यांसारख्या अभ्यासकांनीही केलं, त्यांचे उपकार आहेत. पण ज्या शेकडो घरांत भाकऱ्या भाजल्या गेल्या, जिथं माळ्यावर माणसं लपली, त्या घरांतल्या नातवंडांनी काय केलं? आपण ऊस जायची वाट पाहिली. मला याचं दुःख आहे, आणि ते मी लपवणार नाही.

उपाय म्हणून मी निर्धाराचं नाव घेणार नाही. निर्धाराची आपल्याकडे कमतरता नाही. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिलेली एक साधी गोष्ट मात्र उपयोगाची आहे. ‘मी हे करीन’ असं ठरवण्यापेक्षा ‘अमुक झालं की अमुक जागी मी हे करीन’ असं ठरवणारी माणसं ते जास्त वेळा करतात. ‘तात्यांशी बोलेन’ यातून काही होत नाही. ‘गुरुवारी धारा काढून झाल्या की ओसरीवर बसून तात्यांना फक्त निरोपांबद्दल विचारीन’ यातून होतं. प्रश्न एकच घ्या. साऱ्या प्रतिसरकारचा इतिहास तुमच्या डोक्यावर नाही. आणि दुसऱ्या दिवशी विचारणारा एक माणूस ठेवा, जो म्हणेल, काय म्हणाले तात्या? गदिमांना लाड मिळाले ते काही अंशी नशीब होतं. पण कुणासाठी तरी आपण लाड व्हायला नशीब लागत नाही. शेजारी, मावसबहीण, वाचनालयातला माणूस, ज्याच्या मनातलं काम तुम्हाला ठाऊक आहे त्याला विचारत राहा. आपल्याकडे लोक विचारायला लाजतात, समोरच्याला ओशाळं वाटेल म्हणून. मला उलट वाटतं. कुणी वाट पाहतंय हे कळलं की माणसाच्या अंगात बळ येतं.

म्हणून कार्यकर्त्यांशी बोलून आम्ही एक व्यवस्था केली आहे. बाहेर दाराशी टेबलावर वही ठेवली आहे. तीत चार रकाने आहेत. तुमचं नाव, ज्या वडीलधाऱ्या माणसाशी बोलायचं त्याचं नाव, पहिल्या बैठकीचा वार आणि तुमचा फोन नंबर. दोघा कार्यकर्त्यांनी त्या वाराच्या दुसऱ्या दिवशी फोन करायचं पत्करलं आहे. पुढच्या वर्षीच्या मालेतली एक संध्याकाळ या बैठकांची ध्वनिमुद्रणं ऐकण्यासाठी राखून ठेवली आहे, आणि तिची तारीख आजच जाहीर होईल. ज्यांच्या घरी आता कुणी वडीलधारं उरलेलं नाही त्यांनी फोन करणाऱ्यांत नाव द्यावं, नाहीतर दोघांवर भार फार होईल. सभागृह नऊपर्यंत उघडं आहे, मी तोवर टेबलापाशी आहे.